दवाखान्याच्या ओसरीवरून : ह्ये जनावर काय काम करतं?

दरवर्षी दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र येते आणि त्यात एक वाक्य ठरलेले असते : ‘सणाचे दिवस आहेत, काहीतरी प्रसन्न लिहा.’ यंदा मी विषय निवडला आहे कुत्र्यांचा. त्याहून प्रसन्न विषय कोणता? मात्र या हकिगतीत मध्येच एक कोकरू मरते. ते टाळून लिहिता आले असते, पण मग लिहिण्यासारखे फारसे काही उरले नसते. तेव्हा वाचकांनी सणासुदीला एवढे पोटात घालावे.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच, की माझी सारी नोकरी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत गुरांचा डॉक्टर म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, काटेवाडीच्या अलीकडे, चार खोल्यांचे घर बांधले. एका बाजूला कालव्याचे पाणी आणि ऊस, दुसऱ्या बाजूला जिराईत माळ. नोकरीत होतो तेव्हा ओसरीवर म्हैस, गाय, शेळी, मेंढी यांचीच वर्दळ असे. कुत्र्याला औषधपाणी करायला घेऊन येणे हे तेव्हा शहाण्या माणसाचे लक्षण समजत नसत. आता काळ पालटला. आता गाडीतून उतरतात ती कुत्रीच, आणि त्यांची नावे उच्चारताना माझी जीभ वळत नाही.

गेल्या मार्च महिन्यात असेच एक पाहुणे उतरले, ते मात्र औषधाला नव्हे, मुक्कामाला. पुण्याच्या माझ्या भाच्याला कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवले. तो, सूनबाई आणि आठ वर्षांची चिमुरडी गाडीतून उतरली आणि त्यांच्यामागून एक करड्या-पांढऱ्या अंगाची, निळ्या डोळ्यांची, झुपकेदार शेपटीची कुत्री. सायबेरियन हस्की. नाव बर्फी.

‘‘मामा, दोनच वर्षांचा प्रश्न आहे,’’ भाचा म्हणाला. ‘‘तुमच्याइतकी तिची काळजी दुसरं कोण घेणार?’’

मी चष्मा पुसू लागलो. नकार द्यायचा असला की मी चष्मा पुसतो, हे आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक आहे. पण चिमुरडीने साखळी माझ्या हातात दिली आणि सांगितले, ‘‘आजोबा, तिच्याशी रोज बोलायचं बरं का. नाहीतर ती रडते.’’ चष्मा पुन्हा नाकावर चढला.

आता ही हस्की म्हणजे काय प्रकरण आहे, ते थोडे सांगितले पाहिजे. आशिया खंडाच्या अगदी ईशान्य टोकाला चुक्ची नावाचे लोक राहतात. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री पोसली ती स्लेज, म्हणजे बर्फावरची बिनचाकी गाडी, ओढण्यासाठी. ओझे बेताचे, पण पल्ला लांबचा. खाणे थोडे, पण धाव न संपणारी. उत्तर ध्रुवाच्या भोवतालच्या प्रत्येक मुलखाने आपापल्या गरजेप्रमाणे कुत्रा घडवला. अलास्कातला मालाम्यूट हस्कीहून थोराड. तो जड ओझे संथपणे ओढणार. सामोयेद हा पांढराशुभ्र कुत्रा रेनडिअरांचे कळप राखणार, शिकारीला जाणार आणि रात्री तंबूत माणसांना ऊब देणार. लॅपलँडच्या सामी लोकांचा कुत्राही रेनडिअर वळणाराच. नॉर्वेतला एल्कहाउंड घोड्याएवढ्या एल्क हरणाचा माग काढतो आणि शिकारी येईपर्यंत भुंकत त्याला एका जागी खिळवून ठेवतो. फिनलंडमधला तांबूस स्पिट्झ झाडावर बसलेल्या रानकोंबड्याकडे तोंड करून भुंकत राहतो. भुंकणे हेच त्याचे काम! बर्फात माणसाची वस्ती टिकली त्यात या जनावरांचा वाटा मोठा आहे. सायबेरियाच्या उत्तरेच्या झोखोव बेटावर सापडलेल्या एका कुत्र्याच्या अवशेषांची जनुकीय तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तो कुत्रा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा, आणि त्याचे नाते आजच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांशी जुळले. आपल्याकडे बैल जुंपला जाण्याच्याही आधीची ही गोष्ट.

हस्कीचे नाव जगात गाजले ते १९२५ साली. अलास्काच्या नोम या गावात ऐन हिवाळ्यात घटसर्पाची साथ सुरू झाली. त्यावरचे पुरेसे औषध गावात नव्हते. समुद्र गोठलेला, विमानाचा भरवसा नाही. तेव्हा रेल्वे जिथवर जाते तिथून पुढे ६७४ मैल, म्हणजे सुमारे १,०८५ किलोमीटर, वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी एकमेकांच्या हाती ते औषध पोचवले. साडेपाच दिवसांत! शेवटच्या टप्प्याच्या म्होरक्या बाल्टोचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बसला. सर्वांत लांबचा आणि अवघड टप्पा तोडला होता तोगो नावाच्या कुत्र्याने. त्याच्या वाट्याला तेव्हा पुतळा आला नाही. हे माणसांतही होते.

पण या गोष्टींनी फार हळवे होण्याचे कारण नाही. दक्षिण ध्रुवावर पहिले पाऊल टाकणारा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी तिथे पोचला तो कुत्र्यांच्या बळावर. शेवटच्या मोहिमेला निघताना ५२ कुत्री होती, परतली ती ११. बाकीच्यांपैकी बहुतेक ठरवून मारली आणि माणसांना व उरलेल्या कुत्र्यांना खाऊ घातली. काम होते तोवर मान, हा त्या मुलखाचा कायदा. तो कठोर होता, पण कुत्र्याने सकाळी उठून काय करायचे याविषयी त्यात संदिग्धता नव्हती.

आमच्या बर्फीपुढे मात्र तो प्रश्न रोज सकाळी उभा राही. मार्च बरा गेला. एप्रिलमध्ये बारामतीच्या उन्हाने डोळे वटारले. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ लोकर, वर राठ केस. शेजारी म्हणाले, ‘‘डॉक्टर, केस भादरून टाका.’’ मी म्हटले, तसे करू नये. तोच थर उन्हापासूनही कातडी राखतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा, आणि तो पंखा चाळीस अंशांच्या हवेत कितीसा चालणार? बर्फीने स्वतःच उपाय शोधला. सौ.च्या मोगऱ्याच्या आळ्यात दोन हात खड्डा उकरून ती त्यात पडून राही. तीन दिवसांत तीन मोगरे गेले. चौथ्या दिवशी सौ.नीच तिच्यासाठी न्हाणीघराशेजारी ओली वाळू पसरून दिली, आणि वर मला बजावले, ‘‘लाड म्हणून नाही हो, माझ्या जाईसाठी.’’

वैशाखात एका दुपारी वीज गेली ती चार तास आली नाही. मी बाहेरून आलो तो बर्फी भिंतीशी आडवी पडलेली, हिरड्या लालभडक, डोळे कुठेतरी लागलेले. ताप पाहिला, १०६. कुत्र्याचा नेहमीचा असतो १०१ ते १०२॥. पोटावर आणि पंजांवर ओली फडकी घातली, शिरेतून सलाईन लावले आणि सौ.नी सुपाने वारा घातला. तासाभराने पारा उतरला. त्या तासात मी चाळीस वर्षांचा डॉक्टर नव्हतो. आठ वर्षांच्या मुलीला फोनवर काय सांगावे याची जुळवाजुळव करणारा म्हातारा होतो.

दुसरी अडचण तिच्या आवाजाची. हस्की भुंकते थोडे. लांडग्यासारखा हेल काढून रडते फार. सायंकाळी तिने सूर लावला की रस्त्यावरची पोरे फाटकाशी येऊन विचारीत, ‘‘डाक्टर, लांडगं पाळलंय व्हय?’’ मी हसून सोडून देई. ते हसणे मला पुढे महाग पडले.

ज्येष्ठात वळवाचे ढग आले आणि धनगरांचे वाडे कोकणातून परतू लागले. शहरी वाचकांसाठी सांगतो, वाडा म्हणजे चिरेबंदी वास्तू नव्हे. पाच-दहा बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, सामान वाहणारी घोडी, कोंबड्या आणि कुत्री मिळून वाडा होतो. आमच्याकडचे कितीतरी धनगर दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाशी माघारी येतात. वाटेत शेतात मेंढरे बसवतात; शेताला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे. याच दिवसांत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते, आणि काटेवाडीला पालखीभोवती मेंढरांचे रिंगण होते. ते ज्याने पाहिले नाही त्याने एकदा पाहावे.

आमच्या शेजारच्या रानात असाच एक वाडा उतरला. वाड्याचे कर्ते आबा माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांच्या मेंढरांना लसी टोचत माझे केस पिकले. मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचे ठरवीत होतो. माझ्या आधी बर्फी गेली.

पट्टा जुना झाला होता, ही चूक सर्वस्वी माझी. तिने सूर लावला, पलीकडून मेंढरांचा आवाज आला, एक हिसका बसला आणि ती सुटली. हस्की सुटली की ती हाकेला थांबत नाही. हजारो वर्षे तिला धावायलाच शिकवले आहे, मागे वळायला नाही. मी मोटारसायकल काढून पोचेपर्यंत पाच मिनिटे गेली असतील. सांजेची मेंढरे वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालण्याची वेळ. एक कोकरू मागे राहिले होते. तेवढे पुरले.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले आणि अजून विसरत नाही. आबांची तीन कुत्री. नावाजलेली जात नाही, निळे डोळे नाहीत. काळपट, उंचशी, अंगावर गोमाश्या. दोघे बर्फीच्या आणि मेंढरांच्या मध्ये उभे राहिले. तिसरी, एक म्हातारी कुत्री, सरळ अंगावर आली आणि तिने बर्फीचा कान फाडला. बर्फी कळवळून पळाली. मला वाटले, आता ही तिघे पाठलाग करून तिचा फडशा पाडणार. पण ती वीस-पंचवीस पावले आली, थांबली आणि माघारी जाऊन पुन्हा वाघराभोवती तीन बाजूंनी बसली. जणू काही झालेच नाही.

मी बर्फीला धरून मोटारसायकलला बांधले आणि आबांपुढे गेलो. ‘‘आबा, चूक माझी आहे. कोकराची किंमत सांगा.’’

त्यांनी सांगितली. ती वाजवी होती. मी दिली. त्यांनी दोनदा मोजून बंडीच्या खिशात ठेवली. पदरचे कोकरू गेल्यावर ‘राहू द्या’ म्हणण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती, आणि मला ती अपेक्षितही नव्हती. आजींनी कोकरू उचलून नेले. त्या काही बोलल्या नाहीत. मग आबा बर्फीजवळ उकिडवे बसले. बराच वेळ पाहून म्हणाले, ‘‘डाक्टर, ह्ये जनावर काय काम करतं?’’

‘‘गाडी ओढतं, आबा. बर्फावर.’’

‘‘आन् हितं?’’

‘‘इथं काही नाही.’’

‘‘मग त्येनं करावं काय?’’

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. एका जाणत्याने दुसऱ्या जाणत्याला विचारलेला तो साधा धंद्यातला प्रश्न होता. चाळीस वर्षे जनावरांत काढून मला उत्तर आले नाही.

त्या रात्री मी आबांच्या शेकोटीशी उशिरापर्यंत बसलो, आणि इतकी वर्षे मेंढरेच पाहिली, कुत्री नीट पाहिली नाहीत, हे ध्यानात आले. धनगराचा कुत्रा मेंढरे वळत नाही. वळायला माणूस असतो. त्याचे काम राखणीचे. पिल्लू लहानपणापासून मेंढरांतच वाढते. खेळता खेळता कोकराला दात लावणारे पिल्लू वाड्यात राहत नाही. लांडग्यामागे रानोमाळ धावणाराही कामाचा नाही, कारण एका लांडग्याने कुत्र्याला लांब नेले की दुसरा मागून येतो. म्हणूनच ती तिघे पंचवीस पावलांवरून परत फिरली होती. लांडग्याला मारायचे नसते. भुंकून आबांना जागे करायचे आणि मेंढरे व लांडगा यांच्यामध्ये उभे राहायचे, एवढेच काम. मोबदला बाजरीची भाकरी आणि कधी दूध. फिनलंडच्या त्या झाडाखाली भुंकणाऱ्या स्पिट्झचा हा माळावरचा चुलत भाऊच म्हणायचा!

आणि माळावर लांडगा अजून आहे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक नसते. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीकडे, बारामतीत सुप्याकडे गवताळ माळ आहेत. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याला १९९७ साली मान्यता मिळाली. चिंकारा हरणांसाठी राखलेले, अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. कायद्याने लांडग्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. जुने धनगर त्याला शिव्या देतात, पण त्याचा एक वाटा असतो असेही म्हणतात. माळ मात्र आटत चालला आहे, वस्त्या आणि मोकाट कुत्री वाढत आहेत. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ साली जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. अशा संकराने लांडग्याची शुद्ध जात हळूहळू पुसली जाऊ शकते. कुत्र्यांपासून त्याला रोगही लागतात. रेबीज तर आहेच, पण डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा जीवघेणा आजारही. हे भय नवे नाही. दक्षिण ध्रुवाच्या खंडावरून गाडी ओढणारी सारी कुत्री १९९४ साली आंतरराष्ट्रीय कराराने हलवण्यात आली. तिथल्या सीलांना डिस्टेंपर लागेल, हे त्यामागचे एक कारण. आमुंडसेनला ध्रुवावर नेणाऱ्यांच्या वंशजांचा दाणापाणी तिथून उठला तो असा.

म्हणजे माझ्या हातून निसटलेल्या एका जुन्या पट्ट्यामागे केवढा पसारा होता पाहा! दुसऱ्या दिवशी मी आबांच्या तिन्ही कुत्र्यांना रेबीजची आणि डिस्टेंपरची लस टोचली. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. बर्फीच्या कानाला टाके घातले, आणि महिन्याभराने, भाच्याची परवानगी घेऊन, तिची पिल्ले न होण्याची शस्त्रक्रिया केली.

भाच्याला सारी हकिगत फोनवर सांगितली तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘मामा, कुणाला तरी देऊन टाका तिला. तुम्हाला त्रास नको.’’ घेणारे होते. एकाला तिची पिल्ले विकायची होती. दुसऱ्याला आपल्या हॉटेलाच्या दारात तिला बांधायची होती, गिऱ्हाइकांनी शेजारी उभे राहून फोटो काढावेत म्हणून. दोघांनाही मी आबांचा प्रश्न विचारला. दोघांनाही तो कळला नाही. मी नको म्हटले.

मग मी कागद घेऊन बसलो. हस्कीचे काम ओढणे. आमच्याकडे बर्फ नाही, गाडी नाही. आणि डांबरी रस्त्यावर कुत्र्याला गाडीला जुंपणे मला मान्य नाही. ओढण्यासारखे घरात होते तरी काय? सौ. चहा घेऊन आल्या, त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘अहो, डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगून तीन वर्षं झाली.’’

तेव्हापासून रोज पहाटे साडेचार वाजता, ऊन जागे होण्याआधी, बर्फीच्या छातीला रुंद पट्टा आणि माझ्या कमरेला दुसरा, मध्ये दोरी, अशी आमची वरात निघते. आधी कालव्याच्या पुलापर्यंत जात होतो, आता पुढच्या मोरीपर्यंत; जाऊन-येऊन सहा किलोमीटर. ती खरेच ओढते. मान खाली, पाय रोवून, मागे न पाहता. घरी आल्यावर पाणी पिऊन वाळूत पडते ती दुपारपर्यंत उठत नाही. संध्याकाळचा सूर कमी झाला आहे. मोगरा पुन्हा लावला आहे. उन्हाळा पुढे उभा आहेच, त्यासाठी एक खोली विजेच्या बॅटरीवरच्या पंख्यासह तिच्या नावे केली आहे. भाचा परत येईपर्यंत दीड वर्ष काढायचे आहे. निघेल असे वाटते. खर्चाचा हिशेब मात्र मी सौ.ना दाखवलेला नाही.

या दिवाळीत कुणाच्या घरी मुले कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली असतील, तर मी नाही म्हणणार नाही. कुत्र्यावाचून बालपण म्हणजे गुळावाचून करंजी. फक्त घरी आणण्याआधी आबांचा प्रश्न स्वतःला विचारा. त्याला उत्तर नसेल, तर रस्त्यावरचे एखादे गावठी पिल्लू उचला. आपले ऊन त्याला उपजत सोसते, आणि तुमच्या दाराशी भुंकणे हे काम त्याला शिकवावे लागत नाही.

परवा आबा ओसरीवर आले होते. दिवाळी झाली की वाडा कोकणात निघणार. जाण्याआधी मेंढरांना जंताचे औषध हवे होते. सौ.नी फराळाचे ताट पुढे केले. बर्फी आली, तिने आबांचे पाय हुंगले आणि फाटका कान हलवत जवळ बसली. आबांनी चकलीचा तुकडा मोडून तिला दिला आणि माझ्याकडे पाहून विचारले, ‘‘मग डाक्टर, आता काय काम करतं ह्ये?’’

‘‘मला ओढतं, आबा.’’

आबांनी मला आपादमस्तक न्याहाळले, जत्रेत बैल पाहावा तसे. मग चकली खात म्हणाले, ‘‘वझं लई न्हाय. पर काम हाय म्हणायचं.’’